अक्का, तुमच्या भिंतीचे स्क्रू

अक्का, तुमचं-माझं एक भांडण अर्धवट राहिलं. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण असताना तरी तुम्ही कुठे भांडलात? सत्तावीस वर्षं आपण दोघी जावा एका चुलीवर रांधून जेवलो, आणि सगळी वर्षं मीच बोलत होते. तुम्ही “ऱ्हाऊ दे” म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. मग मी जिंकले की हरले, तेच मला कळायचं नाही.

परवा तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले, मांडव सुटला, भाड्याची भांडी परत गेली. घर रिकामं झाल्यावर माझी पहिली नजर गेली ती पडवीच्या टोकाला, तुमच्या लाकडी भिंतीकडे. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची होती आणि तीच राहिली. अक्का, ती भिंत माझ्यापासून होती का?

गेल्या मार्गशीर्षातली सकाळ होती. तुमचे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, उसाला पाणी भरून आले होते आणि आपण तिघं पडवीत चहा पीत होतो. तुम्ही एकदम म्हणालात, “मला पडवीच्या कडंला एक आडोसा करून घ्यायचाय. लई काय न्हाई, खाट मावंल एवढा. आन एक दार.”

“कुणापासून आडोसा?” मी विचारलं.

“कुनापासून न्हाई. असाच.”

असाच कुणी भिंत घालत नाही, अक्का. थोरले भाऊजी गेल्यापासून नऊ वर्षं तुमची खाट मधल्या खोलीत होती, कणगी आणि टीव्ही यांच्या मधे. त्याची तुम्ही कधी तक्रार केली नव्हती. मग आताच काय झालं? मी काही कमी केलं का? की परवा डाळ जास्त शिजली म्हणून मी बोलले, ते लागलं? माझ्या डोक्यात नको ते चक्र सुरू झालं. आणि माझं ठरलेलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, “मग चूलही वेगळी मांडा की. म्हणजे वस्तीवरच्या लोकांना तरी नीट कळेल, धाकटीनं थोरलीला बाहेर काढलं ते.”

हे चहाचा घोट घेता घेता थांबले. तुम्ही ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाहीत. “ऱ्हाऊ दे,” म्हणालात, आणि उठून गेलात. पण या वेळी तुम्ही आडोशाचं राहू दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी जुन्या गोठ्याचे सागवानी वासे तुम्ही माळ्यावरून खाली काढायला लावलेत. हे हसत म्हणाले, “घर फिरलं की वासे फिरतात म्हनत्यात. हितं तर वासेच आधी निघाले.” मला हसू आलं नाही.

तुम्हाला लाकूड कळतं हे मला लग्न होऊन आले त्याच वर्षी समजलं होतं. तुमचे वडील साखर कारखान्यात सुतारखात्यात होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायच्या आणि ते जेवेपर्यंत तुम्ही त्यांची पटाशी, रंधा, गुण्या हाताळत बसायच्या. आमच्या विकासच्या पाळण्याची कडी सैल झाली होती तेव्हा हे नवा स्क्रू आणायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. भोक मोठं झालं की नवा स्क्रूसुद्धा नुसता फिरत राहतो, धरत नाही, म्हणालात. दोन आगकाड्या मोडून भोकात घातल्या आणि तोच जुना स्क्रू पिळला. विकास चार वर्षांचा होईपर्यंत त्या पाळण्यात झोपला, आणि नंतर त्याची बहीणही.

माझं कौतुक करायला तुम्हाला कधी शब्द लागले नाहीत, तसं माझं चुकलेलं झाकायलाही नाही. पहिल्या महिन्यात माझी बाजरीची भाकरी थापतानाच फाटायची. सासूबाई जेवायला बसल्या की तुम्ही तुमची भाकरी माझ्या बाजूला सरकवायच्या आणि माझी फाटकी स्वतःच्या ताटात घ्यायच्या. मी हे कुणाला सांगितलं नाही, तुम्हीही नाही. पुढे मी अंगणवाडीत लागले, तालुक्याला ट्रेनिंगला गेले, तेव्हा माझी दोन्ही लेकरं तुमच्या अंगाखांद्यावर वाढली. एवढं सगळं असून मी तुम्हाला चूल वेगळी मांडा म्हणाले. आता लिहितानासुद्धा कान गरम होतात.

स्क्रू घ्यायला आपण दोघीच देवळालीला गेलो. मी मुद्दाम आले. म्हटलं, बघू तरी भिंत किती पक्की करतायत. दुकानदारानं तुमच्यापुढे काळ्या बारीक स्क्रूंचं खोकं ठेवलं. हल्ली सगळे हेच नेतात, म्हणाला. तुम्ही एक उचलला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि त्याच्याकडे पक्कड मागितली.

“मावशी, कुणी पुरुष माणूस नाही का आला बरोबर?” त्यानं विचारलं.

“पुरुष हाय की घरी,” तुम्ही म्हणालात. “त्याला स्क्रू कळत न्हाईत.”

मी पदर तोंडाला लावला. तुम्ही मात्र गंभीर. पकडीत धरून काळा स्क्रू वाकवलात, तो कटकन मोडला. मग खोक्याशेजारचा पिवळसर, जाड मानेचा लाकडाचा स्क्रू घेतलात. तो वाकला, मोडला नाही. “आमचं लाकूड जुनं हाय,” तुम्ही त्याला समजावलंत. “उनाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. त्याच्याबरोबर हालनारा पायजे. मोडनारा नको.” दुकानदारानं वजनकाटा पुढे ओढला. मग तुम्ही तीन लांबीचे स्क्रू निवडलेत, प्रत्येकातला एकेक तळहातावर घेऊन, त्याच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवून. तांदूळ निवडताना मी तुम्हाला असंच पाहिलं होतं.

मी तेव्हा मधेच म्हणाले, “एवढे नखरे कशाला? चांगले चार-चार इंची खिळे घ्या आणि ठोका. एकदाची कायमची होऊ द्या भिंत.” दुकानात चार माणसं उभी होती. माझा आवाज कसा होता ते त्यांनाही कळलं असणार.

तुम्ही स्क्रू कागदात बांधून घेतलेत आणि रस्त्यावर आल्यावर म्हणालात, “खिळा काढायचा तर लाकूड फाडावं लागतं, मंगल. स्क्रू उलटा फिरवला की निघतो. न्हाई पटलं कुनाला, तर काढून टाकू. म्हनून तर हे घेतलेत.”

कुणाला म्हणजे मलाच. हे मला तेव्हाही कळलं होतं. मी फक्त मान फिरवली आणि केळीवाल्याकडे गेले. केळी घेऊन परत येईपर्यंत ‘चुकलं माझं, अक्का’ असं चार वेळा मनात म्हणून झालं. तोंडातून निघालं ते, “रिक्षा येईल का आता?”

कामाचे ते तीन दिवस मला अजून रोज आठवतात. ह्यांनी शेजारच्या वस्तीवरून ड्रिल मशीन आणलं होतं. तुम्ही जमिनीवर खडूनं रेघ मारलीत, ओळंबा लावलात. खालची पट्टी शहाबादीवर बसवायची होती. हे फरशीच्या मधोमध ड्रिल टेकवायला गेले तर तुम्ही त्यांचा हातच धरलात. “फरशीत नगं, तडकंल. सांध्यात पाड भोक. खाली कोबा हाय, गिट्टी तिथं धरंल.” गिट्टी म्हणजे ती प्लॅस्टिकची नळी, स्क्रू आत गेला की फुगणारी, हे मला तेव्हा कळलं. वरची पट्टी सागाच्या तुळईत जाणार होती. तिथे तुम्ही आधी बारीक भोक पाडायला लावलंत आणि प्रत्येक स्क्रू अंघोळीच्या साबणाच्या वडीवरून फिरवून ह्यांच्या हातात दिलात. साबण लावलेला स्क्रू लोण्यात गेल्यासारखा आत जात होता. माझा नवा साबण होता तो. मी त्यावरूनही बोलले.

खरा घोळ भिंतीच्या बाजूनं झाला, आणि तो मी केला.

चौकटीचा उभा दांडा घराच्या जुन्या भिंतीला धरायचा होता. त्यासाठी काय लागेल ते भिंत ठोकून बघून सांगते, असं तुम्ही म्हणाला होतात. मी थांबले नाही. अंगणवाडीतून येताना दुकानात शिरले आणि लोखंडी अँकर घेऊन आले, अंगठ्याएवढे जाड, नट आवळला की भिंतीत फुगणारे. दुकानातल्या सगळ्यात दणकट वस्तू. होऊ द्या ना एकदाची पक्की, हाच राग होता त्यात. तुम्ही तेव्हा शेतात होतात. ह्यांना मी म्हणाले, अक्कांनीच सांगितलेत. यांनी भोक पाडलं, अँकर ठोकला, पान्यानं नट आवळला. आवळता आवळता भिंतीतून करकर आवाज आला आणि परातीएवढा गिलावा खाली कोसळला. मागून पांढरी माती भसाभसा गळायला लागली. आपली भिंत वरून सिमेंटची दिसते, आतून आजेसासऱ्यांच्या काळातली पांढऱ्या मातीची आहे. इतकी वर्षं मी तिला दिवाळीला रंग देतेय आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तुम्ही आलात, भोकाकडे पाहिलंत, अँकर उचलून हातात तोललात. हे म्हणाले, “तुमीच सांगितलं म्हनं.” मी चुलीकडे पाहत होते. आता पाणउतारा होणार आणि तो मला झेलावा लागणार, हे कबूल करून बसले होते.

“व्हय, मीच सांगितलं,” तुम्ही म्हणालात. “माझ्या ध्यानात न्हाई ऱ्हायलं, भिंत मातीची हाय ते.”

अक्का, खोटं बोलायची तुम्हाला सवय नव्हती. तुमचा आवाज अडखळला. ह्यांनाही कळलं असेल, पण ते मशीन पुसत बसले. मी आत गेले आणि रागानं पीठ मळलं. राग तुमचाच आला होता. तुम्ही मला एकदा तरी शिव्या द्यायला हव्या होत्या, म्हणजे मला माफी मागायला सोपं गेलं असतं.

दुपारी तुम्ही मोडक्या वखराचा बाभळीचा दांडा घेऊन उन्हात बसलात आणि विळ्यानं त्याच्या गुल्ल्या तासायला लागलात. वीतभर लांब, पुढून निमुळत्या, भिंतीत ठोकून त्यांत स्क्रू पिळायला. मातीच्या भिंतीत लोखंड जोर करतं आणि माती फोडतं, लाकूड मातीशी जमवून घेतं, असं तुमचे वडील सांगायचे. मी उंबऱ्यात उभी होते. “ओली बाभूळ आहे की तिकडे बांधाला, तासायला सोपी जाईल,” मी म्हणाले. बोलायला काहीतरी हवं म्हणून.

“ओली मारली तर सुकल्यावर ढिली पडती. वाळलेलीच पायजे.” मग जरा सरकून तुम्ही मला जागा केलीत. “बस. टोक असं धर.”

मी बसले. तासभर आपण दोघींनी सहा गुल्ल्या केल्या. दोन माझ्या, ओबडधोबड. तुम्ही त्याही भिंतीत मारल्यात, ढपल्या पडलेल्या जागी माती-चुना भरून. त्या तासात मी विचारू शकले असते. उन्हाला बसलो होतो, हे बाहेर गेले होते, घरात कुणी नव्हतं. “अक्का, माझ्यावर रागावून करताय का हे?” एवढं एकच वाक्य. त्याऐवजी मी तुम्हाला अंगणवाडीतल्या खिचडीचं रामायण सांगितलं.

भिंत उभी राहिली. प्लाय बसला, छोटं दार लागलं, आतून कडी. तुम्ही खाट आत नेलीत, एक खुंटी मारलीत, एवढंच. जेवायला, चहाला, भांडी घासायला तुम्ही पहिल्यासारख्याच होता. फक्त दुपारी भांडी झाली की आत जायच्या आणि कडी लावायच्या. अर्धा तास, कधी तासभर. मी प्लायच्या अलीकडे पडवीत बसून अंगणवाडीची रजिस्टरं भरायचे आणि त्या बंद दाराकडे बघून माझं रक्त तापायचं. चार महिने, अक्का. चार महिने मी त्या दाराशी मनातल्या मनात भांडले. मग चैत्रात तुम्ही मेथीची जुडी निवडता निवडता माझ्याच समोर भिंतीला टेकलात, आणि मी “अक्का, पाणी देऊ का” म्हणेपर्यंत तुम्ही नव्हता.

आज सकाळी हे म्हणाले, “कांदा काढायला आलाय, पडवी मोकळी लागंल. त्या खोलीचा आता काय उपयोग हाय? स्क्रूच तर हायेत, तासाभरात निघंल.” बरोबरच होतं त्यांचं. तुम्हीही हेच म्हणाला असतात. मी म्हटलं, आधी आतलं सामान काढते, मग तुम्ही लागा.

आत गेले. इतक्या दिवसांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. तेराव्याच्या गर्दीतही शोभा, तुमची लेक, तिथे झोपली होती, मी नाही. गोधडी घडी केली, लुगडी पिशवीत भरली. खाट झाडायची होती आणि धूळ बाहेर पडवीत उडू नये म्हणून दार ओढून घेतलं. हातासरशी कडीही लावली.

खाटेला टेकून असलेल्या प्लायवर एक काळपट डाग दिसला, बसल्यावर डोकं टेकतं तिथे. तुमच्या केसांच्या तेलाचा. म्हणजे तुम्ही आत झोपत नव्हता. पाठ टेकून बसत होता. आणि त्याच प्लायच्या पलीकडे, वीतभरही अंतर नाही, मी रजिस्टरं भरत बसायचे. मला एकदम आठवलं. फाल्गुनात एकदा आतून नाक ओढल्याचा आवाज आला होता. मी पलीकडूनच विचारलं होतं, “अक्का, सर्दी झालीय का? काढा करू?” आणि तुम्ही जरा वेळानं म्हणाला होतात, “व्हय, जराशी. ऱ्हाऊ दे.” मी करून दिला होता काढा. तुम्ही तो निमूट प्यायलात.

मी खाटेवर बसले आणि त्या डागाला डोकं लावलं. आणि मग मला आवरलं नाही. तेरा दिवस मी रडले नव्हते, अक्का. पाहुण्यांचा चहा, शोभाची समजूत, आचारी, सगळं माझ्यावर होतं. कुणी रडायला लागलं की मीच त्याला पाणी द्यायचे. आज पहिल्यांदा रडले, तोंडात पदर कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आणि रडता रडता नऊ वर्षांपूर्वीचा दिवस समोर आला. थोरल्या भाऊजींना जाऊन आठवडा झाला होता. तुम्ही चुलीपुढे बसून हुंदके देत होता, आणि मी तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, “अक्का, डोळे पुसा. पोरं बघतायत. तुम्हीच असं केलंत तर घर कसं चालायचं?”

मला वाटलं होतं मी धीर देतेय. तुम्ही डोळे पुसलेत. त्यानंतर या घरात तुम्हाला रडताना कुणी पाहिलं नाही, आणि मी वस्तीवर सांगत फिरायचे, आमच्या अक्का फार घट्ट आहेत.

बाहेरून ह्यांनी दार वाजवलं. “झालं का? सोडवू का आता?”

मी तोंड पुसून कडी काढली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, कांदा पत्र्याच्या शेडमध्ये टाका, भिंत राहू दे. मग परत आत आले, कडी लावली, आणि वही घेऊन हे लिहायला बसले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, अक्का. भिंत माझ्यापासूनच होती. त्या दिवशी मी तुम्हाला रडू दिलं असतं तर ती तुम्हाला बांधावी लागली नसती. चुकलं माझं.